टेबलाच्या अलीकडे: संगणक परिषदेत भाषेचा स्टॉल आणि खोली

स्टॉलवर चार जण उभे आहेत. चौघंही एकाच भाषेत रोज काम करणारे, वर्षभराने भेटलेले, त्यामुळे गप्पा रंगल्या आहेत. चौघांचीही पाठ वाटेकडे. समोरून जाणारा माणूस क्षणभर थबकतो, टेबलावरचं एक स्टिकर उचलतो आणि शेजारच्या स्टॉलकडे सरकतो. मुक्तस्रोत परिषदांमध्ये प्रोग्रॅमिंग भाषांच्या टेबलांपाशी हे दृश्य सर्रास दिसतं. अर्ज करून जागा मिळवली, बॅनर छापलं, माणसं लांबचा प्रवास करून आली, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो माणूस एक शब्दही न बोलता निघून गेला.

भाषेची स्वतःची परिषद वेगळी. पायकॉनला येणाऱ्याला पायथन पटवून द्यावं लागत नाही. तिथे घरचीच माणसं असतात. सर्वसाधारण संगणक परिषदेत मात्र समोरचा माणूस डेटाबेसवाला असतो, कर्नलवाला असतो, सर्व्हर सांभाळणारा असतो. त्याला तुमच्या भाषेविषयी प्रेम नाही आणि रागही नाही. तो काठावरचा आहे. स्टॉल त्याच्यासाठी असतो, आणि ही एक गोष्ट पक्की धरली की टेबलाची जागा, पाळ्या, डेमो, भाषणांची निवड यांतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

उलटा प्रवासही झालेला आहे. १९९७ साली ओरायली या पुस्तकं छापणाऱ्या कंपनीने पर्ल या भाषेची परिषद भरवली. १९९९ पासून तिच्याभोवती ओस्कॉन ही सर्व मुक्तस्रोत तंत्रांची परिषद उभी राहिली आणि २०२० मध्ये ओरायलीने प्रत्यक्ष भरणाऱ्या परिषदा बंद करेपर्यंत चालली. एका भाषेच्या मेळाव्याला इतरांसाठी दार उघडलं की काय होतं याचं हे चांगलं उदाहरण.

आज या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं ठिकाण म्हणजे फॉसडेम: ब्रुसेल्समध्ये, यूएलबी विद्यापीठाच्या सोल्बॉश परिसरात, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी. प्रवेश फुकट, नावनोंदणी नाही, म्हणजे कोण येणार हे आधी कळायला मार्ग नाही. तिथे समुदायांना दोन गोष्टी मिळू शकतात. एक म्हणजे वाटेवरचं टेबल, आणि दुसरी 'डेव्हरूम', म्हणजे एका विषयासाठी अर्धा किंवा पूर्ण दिवस दिलेली वर्गखोली. पायथन, गो, रस्ट, पर्ल, अडा अशा अनेक भाषांनी आजवर तिथे खोल्या चालवल्या आहेत. २०१५ च्या फॉसडेममध्ये पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी पर्ल ६ त्याच वर्षी बाहेर पडेल असं जाहीर केलं, आणि ती भाषा त्या वर्षीच्या नाताळात खरोखरच आली (पुढे २०१९ मध्ये तिचं नाव राकू झालं). हीच घोषणा पर्लच्याच परिषदेत झाली असती तर ऐकणारे सगळे आधीपासूनच वाट पाहणारे असते.

आता टेबलाकडे. बहुतेक ठिकाणी पावणेदोन-दोन मीटर लांबीचं एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळतात. खुर्च्या मागे सरकवून ठेवा. बसलेल्या माणसाशी बोलायला उभ्या माणसाला वाकावं लागतं, आणि अनोळखी माणूस वाकत नाही. पाळीवरच्या दोघांपैकी एकाने टेबलाच्या अलीकडे, म्हणजे वाटेच्या बाजूला उभं राहायचं. टेबल आडवं आलं की त्याचा दुकानाचा गल्ला होतो आणि येणारा फक्त 'फुकट काय आहे' एवढंच बघतो. भाषेचे जुने मित्र भेटायला आले तर त्यांना प्रेमाने दहा पावलं दूर न्या. गर्दी पाहून गर्दी येते हे खरं, पण पाठमोऱ्या गर्दीत कोणी शिरत नाही.

गुंडाळून ठेवायचं उभं बॅनर साधारण ८५ सेंमी रुंद आणि २०० सेंमी उंच असतं. ते टेबलामागे ठेवलं की खालचे ७५ सेंमी टेबलाने झाकले जातात आणि उरलेला बराचसा भाग उभ्या माणसांनी. म्हणून बॅनर टेबलाच्या बाजूला ठेवावं, आणि भाषेचं नाव वरच्या ४०-५० सेंमीतच संपवावं. नावाखाली एक ओळ, ती भाषा कशासाठी वापरतात हे सांगणारी. 'जलद, सुरक्षित, आधुनिक' ही ओळ नव्हे. हे तीन शब्द शेजारच्या सहा स्टॉलांवरही असतात. 'एका फाइलचा प्रोग्रॅम, कुठल्याही सर्व्हरवर नुसता कॉपी करा' असं काहीतरी लिहिलं की सर्व्हर सांभाळणारा थांबतो.

क्यूआर कोड बॅनरवर असेल तर अंतराचा हिशेब करा. ढोबळ नियम असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या भागाइतका कोड मोठा हवा: १ मीटरवरून वाचायचा तर १० सेंमी. भोवती कोडातल्या ४ बारीक चौकोनांइतकी मोकळी पांढरी किनार ठेवा; सजावटीच्या नादात ती कापली गेली की कोड दिसतो छान, पण वाचला जात नाही. मध्ये बोधचिन्ह बसवायचं असेल तर त्रुटीदुरुस्तीची सर्वांत वरची पातळी, म्हणजे 'एच', निवडा. तिच्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो. 'एम' पातळीत सुमारे १५ टक्केच. आणि कोडातला पत्ता भाषेच्या स्वतःच्या डोमेनवरचा असू द्या. लिंक छोटी करून देणारी फुकट सेवा बंद पडली तर छापलेलं बॅनर पुढच्या वर्षी बाद.

स्टिकरांमध्ये षटकोनाचं एक ठरलेलं माप आहे: टोकापासून टोकापर्यंत २ इंच, म्हणजे ५.०८ सेंमी, आणि सपाट बाजूंमध्ये साधारण ४.४ सेंमी. आर भाषेच्या लोकांनी हा प्रकार उचलून धरला. माप पाळलं तर स्टिकर लॅपटॉपवर इतरांच्या शेजारी मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चपखल बसतं. दोन मिलिमीटर मोठं केलं तर कोणी लावत नाही. छपाईला देताना कडेने ३ मिमी जास्तीची पार्श्वभूमी ठेवा, नाहीतर कापताना पांढरी रेघ येते. भाषेचं नाव स्टिकरवर असू द्या. ज्याला चिन्ह आधीच ओळखता येतं त्याच्यासाठी आपण इथे आलेलो नाही.

चिन्ह छापण्याआधी ते कोणाचं आहे हे तपासा. इथे भलेभले घसरतात. पर्लचा उंट हा ओरायलीचा ट्रेडमार्क, कारण तो त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आला. पर्लचं दुसरं चिन्ह, कांदा, पर्ल फाउंडेशनचं. त्यामुळे पर्लच्या नावाने उंट नाचवायच्या आधी ओरायलीच्या अटी वाचाव्या लागतात. गो भाषेचा गोफर हा उंदरासारखा प्राणी रेने फ्रेंच यांनी काढलेला असून तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशाच्या परवान्याखाली आहे. चित्र बदलून वापरता येतं, पण चित्रकाराचं नाव द्यावं लागतं. स्टिकरवर जागा नसेल तर मागच्या कागदावर किंवा टेबलावरच्या पाटीवर द्या. रस्टचा खेकडा फेरिस सार्वजनिक मालकीचा आहे, त्याचं काहीही करा. पण रस्टचं दातेरी चाकाचं चिन्ह रस्ट फाउंडेशनच्या ट्रेडमार्क धोरणात येतं. पायथनच्या दोन सापांचं चिन्ह पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं. जावाचं बोधपात्र असलेला ड्यूक २००६ पासून बीएसडी परवान्याखाली मोकळा आहे. फुकट वाटायच्या आणि विकायच्या वस्तूंना बरेचदा वेगळे नियम असतात, म्हणून टी-शर्ट विकायचे असतील तर लेखी परवानगी आधीच मागा. उत्तर यायला आठवडे लागू शकतात.

डेमो हा स्टॉलचा प्राण, आणि फसतोही तोच. मुख्य कारण नेटवर्क. हजारो फोन आणि लॅपटॉप एका इमारतीत आले की वायफायवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो. फॉसडेमची आणखी एक खासियत आहे: तिथलं मुख्य वायफाय बरीच वर्षं फक्त आयपीव्ही६ चं, म्हणजे इंटरनेट-पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं आहे, आणि जुन्या आयपीव्ही४ च्या जगाशी बोलायला एनएटी६४ (पत्ते बदलून देणारं) आणि डीएनएस६४ (नावाला नव्या पद्धतीचा पत्ता जोडून देणारं) हे दुभाषे वापरले जातात. नावाने केलेली जोडणी त्यातून सहज पार पडते. पण कुठल्या सेटिंगमध्ये किंवा लायब्ररीत आयपीव्ही४ चा पत्ता आकड्यांत लिहून ठेवला असेल, तर नाव शोधण्याची पायरीच वगळली जाते, डीएनएस६४ ला मध्ये पडायला जागा राहत नाही आणि जोडणी लटकते. आयपीव्ही४ लागणाऱ्यांसाठी त्यांनी दुसरं नेटवर्कही ठेवलं. काही वर्षं त्याच्या नावातच 'एन्शंट' हा शब्द होता, म्हणजे चिमटा काढूनच सोय.

उपाय एकच, डेमो नेटशिवाय चालला पाहिजे. रस्टमध्ये कार्गो व्हेंडर किंवा गोमध्ये गो मॉड व्हेंडर ही आज्ञा चालवून सगळी अवलंबनं, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी, प्रकल्पाच्या फोल्डरात उतरवून ठेवा. पायथनमध्ये पिप डाउनलोडने व्हील फाइली (पायथनची तयार पॅकेजं) एका फोल्डरात घ्या आणि 'नो-इंडेक्स' व 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन तिथूनच बसवा. बऱ्याच व्हील फाइली ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि पायथनच्या ज्या आवृत्तीसाठी उतरवल्या तिथेच चालतात, म्हणून हे काम डेमोच्याच यंत्रावर करायचं. कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट चालवायचं खोकं) वापरत असाल तर त्याची इमेज आधी खेचून ठेवा. भाषेची दस्तऐवजं एचटीएमएलमध्ये जवळ ठेवा. मग घरी विमान मोड चालू करून, यंत्र बंद-चालू करून, सगळा डेमो एकदा पुन्हा करा. 'नेट बंद केलं तरी चालतं' असं म्हणणारे अनेक प्रोग्रॅम प्रत्यक्षात कॅशवर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या प्रतींवर, जगत असतात.

डेमोचा प्रोग्रॅम २०-२५ ओळींचा, एका पडद्यात मावणारा. येणाऱ्याने एक ओळ बदलली की पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे: आलेख, आकृती, लुकलुकणारा दिवा, काहीही. नुसत्या छापलेल्या अक्षरांपाशी कोणी रेंगाळत नाही. बदल पुसून मूळ प्रोग्रॅम परत आणायला एकच आज्ञा असावी, आणि ती टेबलावर चिकटवलेली असावी, कारण दुपारच्या पाळीवाल्याला ती ठाऊक नसते. यंत्रावर वेगळं पाहुणा खातं करा. त्यात कोणाची मेल नको, साठवलेले पासवर्ड नकोत. सूचना, अद्ययावतीकरण आणि झोपेत जाणं बंद. अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत, आणि उजेडाच्या दालनात पांढरी पार्श्वभूमी. काळ्या पडद्यात येणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. बाहेरचा कीबोर्ड स्वतःचा न्या. बेल्जियममध्ये उसना घेतला तर तो अझर्टी मांडणीचा निघतो आणि महिरपी कंस शोधण्यात पाहुण्याचा उत्साह संपतो.

विजेसाठी सहा जागांचा एक्स्टेंशन बोर्ड, ३ मीटर वायर, त्या देशाच्या सॉकेटचा अडॅप्टर, आणि वायर जमिनीला चिकटवायला कापडी टेप. टेप विसरली की कोणीतरी अडखळतं आणि लॅपटॉप खाली येतो.

पाळ्यांचं गणित कागदावर करा. दोन दिवस, रोज ८ तास, एका वेळी दोघं, पाळी दोन तासांची: म्हणजे १६ जागा. एका माणसाला दोनपेक्षा जास्त पाळ्या दिल्या की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो, म्हणून आठ माणसं, आणि आयत्या वेळी आजारी पडणाऱ्यासाठी एक राखीव. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही जोड्या एकत्र असाव्यात, त्याशिवाय 'अकरा वाजता आलेला तो बँकवाला परत येणार आहे' ही माहिती हस्तांतरित होत नाही. जोडीत एक जुना आणि एक नवा. फक्त जुनेजाणते ठेवले तर साध्या प्रश्नाला इतिहासापासून उत्तर मिळतं. सगळ्यात मोठी अडचण अशी की भाषेची खोली ज्या दिवशी असते त्या दिवशी सगळ्यांना खोलीत बसायचं असतं, आणि स्टॉल ओस पडतो. त्या दिवसाच्या पाळ्या सर्वांत आधी भरून घ्या.

बोलायचं काय? 'आमची भाषा माहीत आहे का?' हा सर्वांत वाईट पहिला प्रश्न, कारण 'नाही' म्हटलं की संभाषण संपलं आणि समोरच्याला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. 'तुम्ही सध्या कशात लिहिता?' असं विचारा. उत्तरातून पुढची दिशा मिळते. सीवाल्याला तुमच्या भाषेतून सीच्या लायब्ररीला हाक कशी मारायची ते दाखवा, जावास्क्रिप्टवाल्याला पॅकेज कसं बसवायचं ते. दीड मिनिटात डेमोपर्यंत पोचायचं. त्यापुढे तो थांबला तर तुमचा, निघाला तर हरकत नाही.

जुन्या भाषांच्या टेबलाशी दिवसातून अनेकदा येणारा प्रश्न: 'ही अजून जिवंत आहे?' यावर चिडणारे स्वयंसेवक पाहिले की वाटतं, त्यांना एक तारीख पाठ करायला सांगायला हवी होती. पर्लची नवी स्थिर आवृत्ती २०१० च्या ५.१२ पासून दरवर्षी निघते. रुबीची २५ डिसेंबरला. पायथनची ३.९ पासून दर ऑक्टोबरात. गोची फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, रस्टची दर सहा आठवड्यांनी. अडाचं ताजं मानक २०२२ चं, फोर्ट्रानचं २०२३ चं. एवढं शांतपणे सांगून शेवटच्या आवृत्तीत काय आलं ते पडद्यावर दाखवलं की प्रश्नातली खोच निघून जाते. आवेशाने केलेला बचाव मात्र ऐकणाऱ्याला आजारपणाचंच लक्षण वाटतो.

वेगाची तुलना हा दुसरा सापळा. 'आमची भाषा अमक्यापेक्षा किती पट जलद' हे वाक्य तोंडातून गेलं की अमक्या भाषेचा माणूस पाच मिनिटांत हजर होतो, बहुधा शेजारच्याच टेबलावरून, आणि पुढचा अर्धा तास कंपायलरच्या पर्यायांवर जातो. काठावरचे लोक तेवढ्यात पांगतात. उलट, शेजाऱ्यांशी आधीच बोलून दोन भाषांना जोडणारा एखादा डेमो केला तर दोन्ही टेबलांना गिऱ्हाईक मिळतं.

काही जण तक्रार घेऊन येतात: अमुक यंत्रावर बसतच नाही, अमुक चूक येते. हे लोक सोन्यासारखे, कारण त्यांनी भाषा वापरून पाहिली आहे. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं ठेवा, त्यावर चार ओळी: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय केलं, काय आलं. संपर्क द्यायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा. कार्डं त्याच रात्री तक्रारनोंदीत चढवायची. सोमवारी चढवू म्हटलेल्या कार्डावरचं अक्षर सोमवारी कोणालाच लागत नाही.

खोलीचं वेळापत्रक म्हणजे रात्र थोडी सोंगं फार. २० मिनिटं भाषण, ५ मिनिटं प्रश्न, ५ मिनिटं लॅपटॉप बदलायला: अर्ध्या तासाचा एक घास. आठ तासांत असे सोळा मावतात, पण चौदाच भरा. उरलेले दोन साचलेला उशीर गिळतात. बदलाची पाच मिनिटं कापून भाषण वाढवायचा मोह होतो, आणि मग एचडीएमआय जुळत नसलेला एक लॅपटॉप सगळा दिवस पुढे ढकलतो. यूएसबी-सी आणि मिनी डिस्प्लेपोर्टचे अडॅप्टर खोलीचे स्वतःचे ठेवा, नावाची चिठ्ठी लावून. वक्त्याच्या खिशातून ते नकळत घरी जातात.

भाषणं निवडतानाही काठावरच्याची आठवण ठेवा. 'नव्या आवृत्तीतले अॅसिंक बदल' या शीर्षकाला आपलेच लोक येतील. 'एका प्रक्रियेत दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या' याला इतर भाषांचेही येतील, आणि मजकूर तोच असू शकतो. कंपायलरच्या आतल्या गोष्टी दुपारनंतर ठेवा. सकाळी आलेल्याला पहिल्याच भाषणात प्रकारप्रणालीचे (टाइप सिस्टिमचे) सिद्धांत ऐकवले तर तो दुसऱ्या भाषणाला थांबत नाही.

खोलीत किमान तीन माणसं लागतात. एक दारात, एक माइक घेऊन, एक वेळेच्या पाट्या धरून: १०, ५, १ आणि 'थांबा'. फॉसडेममध्ये खोली भरली की दारावर 'फुल' अशी पाटी लागते आणि आगीच्या नियमांमुळे उभ्याने कोणाला आत घेत नाहीत. दारातला माणूस तिथे वाईटपणा घ्यायला असतो. बसलेल्यांना मधल्या रिकाम्या खुर्च्यांकडे सरकवणं हेही त्याचंच काम. प्रेक्षकातला प्रश्न वक्त्याने माइकमध्ये पुन्हा उच्चारलाच पाहिजे, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं शांतता आणि मग एक 'हो' एवढंच ऐकू येतं. रेकॉर्डिंग नंतर कोणीतरी तपासून द्यावं लागतं: सुरुवात कुठे, शेवट कुठे, आवाज नीट आहे का. ही तपासणी वक्त्याकडे सोपवली की रखडते. खोली चालवणाऱ्यांपैकी एकाने ती अंगावर घेतली तर ध्वनिचित्रफिती वेळेत बाहेर पडतात. शेवटच्या पाटीनंतरही प्रश्न उरले तर वक्त्याला स्टॉलवर पाठवा आणि तसं खोलीत जाहीर करा. स्टॉलला दिवसातली सर्वांत चांगली गर्दी अशीच मिळते.

वर्तनसंहितेसाठी परिषदेची माणसं असतातच, तरी स्टॉलवरच्या प्रत्येकाला त्यांचा क्रमांक माहीत असावा. फोटो काढण्याआधी विचारा. एवढं पुरे.

यशाचं माप म्हणून वाटलेली स्टिकरं मोजू नका. ती मांजरालाही वाटता येतात. टेबलाखाली एक कागद ठेवा आणि दीड मिनिटांहून जास्त बोललेल्या प्रत्येकासाठी एक रेघ ओढा, स्वतः कळफलकावर हात ठेवणाऱ्यासाठी तिच्यावर आडवी फुली. रविवारी संध्याकाळी आवराआवर करताना हा कागद, उरलेली कार्डं, अडॅप्टर, टेप आणि काय कमी पडलं त्याची यादी एकाच खोक्यात जाते, आणि खोक्यावर दोन गोष्टी जाड पेनाने लिहायच्या: ते कोणाकडे राहणार, आणि पुढच्या वर्षीच्या स्टॉलचे अर्ज साधारण कोणत्या महिन्यात उघडतात.